धुऱ्यापर्यंत पोहोचणारा पश्चात्ताप: खेड्यातील विश्वासणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

रविवारच्या उपासनेत पापांची कबुली सगळी मंडळी एका सुरात देते. पण सोमवारी सकाळी वावरात पाऊल ठेवल्यावर ती कबुली नेमकी कशाची होती, असे कोणी विचारले तर उत्तर देणे अनेकांना अवघड जाते. म्हणून येथे पश्चात्तापाचा प्रार्थनेनंतर उरणारा भाग घेतला आहे: ज्याचे नुकसान झाले त्याच्या घरी जाणे, घेतलेले परत करणे आणि त्यानंतर त्याच गावात त्याच्यासोबत राहणे. विदर्भातल्या खेड्यात हे टाळून चालत नाही, कारण ज्याच्याशी वाकडे आले तोच माणूस दुसऱ्या दिवशी पांदण रस्त्यावर, आठवडी बाजारात किंवा रेशनच्या रांगेत समोर उभा असतो, आणि आपण रविवारी कुठे जातो हे त्याला चांगले ठाऊक असते.

चूक मोजून लिहावी

सुरुवात कागदाने करावी. कोणाचे, काय, किती आणि केव्हापासून, हे चार प्रश्न समोर ठेवून एका वाक्यात आपली चूक लिहावी. ‘माझ्याकडून कळत-नकळत काही चुकले असेल तर’ हे वाक्य प्रार्थनेत कितीही नम्र वाटले तरी त्यात कोणाचेही नाव नसते, आणि नाव नसलेली चूक दुरुस्त करता येत नाही.

धुऱ्याचेच, म्हणजे शेताच्या बांधाचेच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे भांडणांचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. दरवर्षी वखरणी करताना शेजाऱ्याच्या धुऱ्यातून अर्धा फूट जागा आत घेतली, तर चार वर्षांत ती दोन फूट होते. धुरा 330 फूट लांब असेल तर ही जागा 660 चौरस फूट भरते. एक गुंठा 1089 चौरस फुटांचा असतो, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून अधिक जमीन एका कुटुंबाच्या सातबाऱ्यावर राहिली आणि दुसऱ्या कुटुंबाच्या वखराखाली गेली. ज्याने ती घेतली त्याला ती वखराच्या एका तासाएवढीही, म्हणजे एका सरीएवढीही वाटत नाही, पण शेजारी दर हंगामात पेरणीला आला की ती त्याच्या डोळ्यांत सलते. शेजाऱ्याची सीमा सरकवणाऱ्यावर मोशेच्या नियमशास्त्राने शाप उच्चारला आहे (अनुवाद 27:17), आणि सर्व लोकांनी त्यावर ‘आमेन’ म्हणावे, असेही तिथेच सांगितले आहे. हद्दीबद्दल खरोखर शंका असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज स्वतः करावा आणि मोजणीची फी स्वतः भरावी. ‘त्याला वाटत असेल तर त्याने मोजून घ्यावे’ असे म्हणणारा माणूस अजून आपली बाजूच सांभाळत असतो.

प्रार्थनेसाठी 51 वे स्तोत्र घ्यावे. मात्र ते वाचताना एक सावधगिरी बाळगावी. त्यात दावीद देवाला म्हणतो की केवळ तुझ्याच विरुद्ध मी पाप केले आहे, आणि या ओळीचा आधार घेऊन ‘देवाशी मिटले, आता माणसाशी काय’ असे समाधान करून घेणारे पुष्कळ भेटतात. दावीदाने ज्याची बायको घेतली आणि ज्याला लढाईत मारवले तो उरीया तेव्हा जिवंत नव्हता. त्याच्या दारी जाण्याची वाट दावीदाने स्वतःच बंद केली होती. आपला शेजारी जिवंत आहे, तोवर ही ओळ आपल्याला त्याच्या दारातून सुटका देत नाही.

परत किती द्यावे

येथे पवित्र शास्त्र आश्चर्य वाटावे इतके नेमके बोलते. लेवीय 6 आणि गणना 5 यांमध्ये लबाडीने घेतलेली वस्तू पूर्ण परत करून वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा, असे सांगितले आहे. म्हणजे मजुरीचे 5000 रुपये दाबून ठेवले असतील तर 6000 रुपये द्यावेत. चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले असेल तर मात्र एकाच्या जागी चार द्यावीत, असा निर्गम 22 मधला नियम आहे. आता लूककृत शुभवर्तमानातल्या जक्कयाकडे पाहावे. यरीहोचा हा मुख्य जकातदार आपणहून पुढे येऊन कबुली देत होता, म्हणजे पाचवा हिस्सा वर दिला असता तरी नियम पाळला गेला असता. पण त्याने स्वतःला मेंढरू चोरणाऱ्याचा दर लावला आणि चौपट परत करण्याचे वचन दिले, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना दिली.

ज्याला हा हिशेब मोठा वाटतो त्याने त्या प्रसंगातला क्रम पाहावा. जक्कयाने एक पैसाही परत करण्याआधी प्रभू येशू उंबराच्या झाडाखाली थांबून त्याला नावाने हाक मारतो आणि आज तुझ्या घरी उतरायचे आहे, असे सांगतो. परतफेड क्षमेची किंमत म्हणून आलेली नाही. आपल्याला स्वीकारले गेले आहे या विश्वासातून ती आली. हा विश्वास जिथे कच्चा असतो तिथे माणूस परत करताना घासाघीस करतो, कारण हातातले गेले तर आपले कसे होईल, ही धास्ती त्याला सोडत नाही. माझ्या मते पश्चात्ताप आणि विश्वास यांची गाठ इथेच पडते.

एकदम देण्याची ऐपत नसेल तर हप्ते ठरवावेत, पहिला हप्ता त्याच भेटीत द्यावा आणि पुढचे कापूस किंवा सोयाबीनच्या चुकाऱ्यावर कोणत्या महिन्यात देऊ, हे लिहून द्यावे.

दारी जाताना

आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे वेदीजवळ आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे प्रभूने सांगितले (मत्तय 5:23-24). यात ‘आपल्या मनात त्याच्याविरुद्ध’ असे म्हटलेले नाही, ही बाब लक्षात घ्यावी. राग त्याच्या मनात असला तरी उठून जायचे आपण आहे. ज्या मंडळीत प्रभुभोजनाची तारीख आधी ठाऊक असते, तिथल्या सभासदांनी त्यापूर्वीचा आठवडा या कामासाठी राखून ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

जाताना एकटे जावे किंवा फार तर पत्नीला बरोबर घ्यावे. पाळक, पोलीस पाटील किंवा चार वजनदार माणसे सोबत नेली की समोरच्यावर दडपण येते आणि त्याला नाही म्हणण्याची मोकळीक राहत नाही. पेरणीच्या घाईत किंवा टपरीवर चारचौघांत हा विषय काढू नये. संध्याकाळी तो वावरातून परतून, हातपाय धुऊन ओसरीवर टेकला की जावे. बोलणे थोडके असावे. उदाहरणार्थ: “काकाजी, चार वर्षांपासून तुमच्या धुऱ्यातली दोन फूट जागा मी वखरून माझ्या वावरात घेतली. चूक माझी आहे. उन्हाळ्यात धुरा मी माझ्या खर्चाने पहिल्या जागी घालून देतो, आणि तेवढ्या पिकाचे पैसे हे आणले आहेत. कमी वाटत असतील तर सांगा.” एवढे बोलून थांबावे. ‘पण तुमच्या गड्याने आमची गाय कोंडवाड्यात घातली होती’ हे वाक्य तोंडातून निघाले की आधीचे सगळे वाया जाते. ती तक्रार खरी असली तरी तिची वेळ वेगळी.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. आपले बहुतेक शेजारी हिंदू किंवा बौद्ध आहेत, आणि क्षमा मागण्याच्या भेटीला सुवार्तेच्या प्रचाराची भेट करू नये. हातात पत्रक नसावे, मंडळीत येण्याचे निमंत्रण नसावे. ज्याचे आपण नुकसान केले आहे त्याच्यापुढे आपण देणेकरी म्हणून उभे असतो, आणि देणेकऱ्याने उपदेश करायचा नसतो. त्याने आपणहून विचारले की हे तुम्ही का करता आहात, तर खरे उत्तर एका वाक्यात द्यावे.

तो रागावेल, दार लावून घेईल किंवा पैसे घेऊन काहीही न बोलता आत निघून जाईल, हेही शक्य आहे. त्यावर रुसू नये. शक्य असेल तर आणि आपल्याकडून होईल तितके सर्वांशी शांतीने राहा, असे प्रेषित पौल लिहितो (रोम 12:18), आणि त्या ‘शक्य असेल तर’मध्ये समोरच्याच्या नकारालाही जागा आहे. समेटाला वेळ लागतो, हे आपल्या विदर्भातल्याच एका घटनेवरून सांगता येईल: 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, पण त्या एकीची बोलणी 1929 पासून चालू होती. एका भेटीत शेजाऱ्याचे मन वळले नाही म्हणून हात टेकायचे कारण नाही.

मजुरी आणि तोल

मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, मजूर आपला बांधव असो वा परका, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो, असे अनुवाद 24 मध्ये सांगितले आहे. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी आठवड्याची मजुरी देण्याची रीत अनेक गावांत आहे. ती मजुरांना मान्य असेल तर चालेल, पण ‘पुढच्या बाजारी देतो’ हे शब्द ख्रिस्ती कास्तकाराच्या तोंडी शोभत नाहीत. कापसाची वेचणी किलोवर असते; तेव्हा काटा बाईला दिसेल असा धरावा, आकडा तिला मोठ्याने सांगावा आणि ओल आहे म्हणून मनाने दोन किलो वजा करू नयेत. खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो, असे नीतिसूत्रे 11:1 मध्ये म्हटले आहे. मागच्या हंगामात असे झाले असेल तर त्या बायांची नावे आठवून, वर सांगितलेल्या पाचव्या हिश्शासह, रक्कम त्यांच्या हाती द्यावी. नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या हाती देऊ नये.

बहिणीचा वाटा

या विषयावर मंडळीत फार थोडे बोलले जाते, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला आणि मागे पत्नी व मुले असली, तर पत्नीला एकतृतीयांश आणि उरलेले दोनतृतीयांश मुलांना मिळते, आणि त्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा समान असतो. तरीही पुष्कळ घरांत वडिलांच्या मागे बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते. लग्नात खर्च केला, माहेर तुटेल, भाऊ काय खातील, अशा वाक्यांनी तिला गप्प केले जाते, आणि मग तोच भाऊ उपासनेत प्रीतीवर साक्ष देतो. गणना 27 मध्ये पाच बहिणी मोशेपुढे आणि सगळ्या सभेपुढे उभ्या राहून वडिलांच्या वतनात वाटा मागतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे, असा निवाडा स्वतः परमेश्वर देतो.

सही दबावाखाली घेतली असेल तर भावाने स्वतः बहिणीच्या घरी जावे आणि भावजींच्या आधी तिच्याशी बोलावे. जमीन देता येत नसेल तर आजच्या बाजारभावाने मोबदला ठरवावा, तिने आपला वाटा खरेच मनापासून सोडला असेल तर तसे तिला पुन्हा एकदा, कोणीही समोर नसताना, सांगू द्यावे. याकोब एसावाला भेटायला गेला तेव्हा त्याने आधी कळप पाठवले आणि सात वेळा जमिनीपर्यंत वाकून मग तो जवळ गेला (उत्पत्ती 32-33). फसवलेल्या भावंडाकडे रिकाम्या हाताने आणि ताठ मानेने जाता येत नाही, हे त्याला कळले होते.

ज्याचे नुकसान झाले त्याने काय करावे

क्षमा करावी, आणि सत्तर वेळा सात इतकी करावी, यात तडजोड नाही. परंतु क्षमा केली म्हणजे मारणाऱ्या नवऱ्याच्या घरी परत गेलेच पाहिजे, असा अर्थ कोणी पाळकाने किंवा सासूने काढला तर तो ऐकू नये. अशा वेळी आधी जीव सुरक्षित ठेवावा आणि गरज पडल्यास 112 वर फोन करावा. पश्चात्तापाचे फळ दिसण्याआधी विश्वास टाकण्याची सक्ती शास्त्र करत नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेही आधी फळ मागितले, आणि ते काय हे विचारल्यावर दोन अंगरखे असतील तर एक द्या, ठरल्याहून जास्त वसूल करू नका, अशी हाताने करायची कामे सांगितली (लूक 3).

त्याचबरोबर, जे पाप नाही त्याचा पश्चात्ताप कोणावर लादू नये. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी, म्हणजे उभा कापूस पोखरला, तेव्हा ज्यांची वावरे गेली ती माणसे इतरांहून अधिक पापी नव्हती. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे मेली, तेव्हा ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, या प्रश्नाला प्रभूने स्पष्ट नाही म्हटले आणि पश्चात्तापाचे बोलावणे ऐकणाऱ्यांनाच दिले (लूक 13). कर्जात बुडालेल्या कास्तकाराला ‘प्रार्थना कमी पडली’ असे सांगणारा त्याचा गळा आवळतो. त्याच्या घरी जावे, बियाण्याच्या दुकानातल्या उधारीचे आणि बँकेच्या थकबाकीचे कागद त्याच्याबरोबर बसून पाहावेत, आणि मंडळीच्या निधीतून पेरणीपुरते काही देता येते का, हे त्याच आठवड्यात ठरवावे. शेतांत अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन, असे हबक्कूक म्हणतो. ते त्याने स्वतःविषयी म्हटले आहे, उपाशी शेजाऱ्याला ऐकवण्यासाठी नाही.

ज्याचे देणे लागतो तो हयात नसेल तर

असे पुष्कळांचे होते, कारण मन वळेपर्यंत वर्षे निघून जातात. गणना 5:8 मध्ये याची सोय आहे: देणे नातलगाला द्यावे, आणि नातलग नसेल तर ते परमेश्वराकडे, म्हणजे याजकाकडे जावे. आज वारस सापडत असतील तर त्यांनाच द्यावे. वारस नसतील तर मंडळीच्या इमारत निधीत टाकण्यापेक्षा त्याच गावातल्या, त्याच कामावर राबणाऱ्या गरजू कुटुंबाला द्यावे, असे माझे मत आहे. वारस कामासाठी नागपूर किंवा पुण्याला गेले असतील तर नुसते पैसे पाठवून मोकळे होऊ नये. आधी फोन करून हे कशाचे पैसे आहेत, त्यांच्या वडिलांकडून काय घेतले होते, हे पूर्ण सांगावे, आणि जमिनीचा प्रश्न असेल तर पुढच्या वेळी ते गावी येतील तेव्हा मोजणीची तारीख त्यांच्या सोयीने घ्यावी.