पोराच्या लघवीतलं प्रोटीन घरी कसं बघायचं

नेफ्रोटिकवाल्या (म्हणजे किडनीतून लघवीत प्रोटीन गळतं तो आजार असलेल्या) पोराची सकाळची पहिली लघवी घ्यायची, स्वच्छ कोरड्या डबीत. प्रोटीन तपासायची पट्टी त्यात बुडवून लगेच बाहेर, कडेला निथळायची आणि मोबाईलवर बरोबर ६० सेकंद लावायचे (पट्ट्यांच्या डबीवर लिहिलेला वेळ बघा), कारण उशिरा बघितलं की रंग गडद दिसतो नि उगाच जीव टांगणीला. पिवळी राहिली तर निल (प्रोटीन नाही), हिरवट होत गेली की १+, २+, आणि ३+ म्हणजे डेसीलिटरला ३०० मिलीग्रामच्या आसपास. रोज कालनिर्णयच्या चौकटीत लिहून ठेवा. सर्दीतापात एखाद दिवस वाढतं, पण सलग तीन दिवस ३+ आलं किंवा डोळे सुजले तर डॉक्टरांना फोन, स्टिरॉइड मनाने नाही वाढवायचं. पट्ट्यांचं झाकण घट्ट लावा हं, कोथरूडच्या पावसाळ्यात आमची अख्खी डबी दमट होऊन वाया गेलीये.