काळ्या नखांची जिव्हाळी सांभाळा

आमचा कुत्रा भैरू रॉटवायलर, ४२ किलोचा, नखं कोळशासारखी काळी. शहाबादी फरशीवर ती टकटक वाजायला लागली की कापायची वेळ झाली, असं मी समजते. आधी त्याला गोदाघाटावर भरपूर फिरवून आणते. दमला की निवांत आडवा पडतो.

पांढऱ्या नखात गुलाबी जिव्हाळी, म्हणजे नखाच्या आतला रक्तवाहिन्यांचा नाजूक भाग, बाहेरूनच दिसते, काळ्यात दिसत नाही. म्हणून एकदम मोठा तुकडा कापायचा नाही. मोठ्या कुत्र्यांचं धारदार कटर घ्या, बोट घट्ट पण न दाबता धरा आणि टोकाचा मिलिमीटरभरच काप काढा. मग कापलेली बाजू उजेडात बघा. आधी ती कोरडी, खडूसारखी भुरकट दिसते. अजून एक काप, पुन्हा बघा. मधोमध काळसर, ओलसर ठिपका दिसला की तिथेच थांबा. त्याच्या पुढे लगेच जिव्हाळी असते.

एकदा घाईत माझ्याकडून ती कापली गेली. भैरू कळवळला, ते अजून आठवतं. तेव्हापासून कॉर्नफ्लोअरची वाटी शेजारी ठेवूनच बसते. रक्त आलं तर चिमूटभर लावून दोन-तीन मिनिटं दाबून धरायचं. तरीही थांबलं नाही तर डॉक्टर गाठायचा.

पुढच्या पायांचं अंगठ्याचं नख विसरू नका. ते जमिनीला टेकत नाही, झिजत नाही, वळून मांसात घुसतं.

पाय ओढायला लागला तर सोडून द्या. उरलेली नखं उद्या.