संघर्ष थांबल्यावर वस्तीत लोकसहभागी पोलिसिंग कसं उभारावं

गोळीबार थांबला की पोलीस परत येतात, पण लोक चौकीची पायरी चढत नाहीत. ज्या गणवेशाने कालपर्यंत रात्री-अपरात्री दारं ठोठावली, त्याच्याकडे आज चोरीची तक्रार घेऊन कोण जाईल? अशा ठिकाणी लोकसहभागी पोलिसिंगची, म्हणजे वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन केलेल्या पोलीसकामाची, सुरुवात मेळावे, फलक आणि मैत्रीपूर्ण फुटबॉल सामने घेऊन करण्याची पद्धत पडली आहे. त्यातून फोटो चांगले निघतात. विश्वास मात्र बसतो तो केलेल्या तक्रारीचं ठरलेल्या तारखेला उत्तर मिळालं की. पुढची सगळी मांडणी या एका गोष्टीभोवती आहे.

आधी पोलीस कोण, ते तपासा

वस्तीत पाय ठेवण्यापूर्वी तिथे नेमल्या जाणाऱ्या प्रत्येक पोलिसाची पार्श्वभूमी पाहा: संघर्षाच्या काळात तो कुठे होता, त्याच्याविरुद्ध छळ, बेपत्ता करणं किंवा लुटीच्या तक्रारी आहेत का. ज्याच्याकडे लोक बोट दाखवतात असा एक जण चौकीत असला, तरी बाकीच्या दहा जणांची मेहनत वाया जाते. मात्र चाळणी करताना आरोप कळवणं, बाजू ऐकणं आणि अपील या तीन पायऱ्या ठेवाच. बोस्नियात युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी ज्या पोलिसांना अपात्र ठरवलं, त्यांना दाद मागायची नीट सोय नव्हती आणि तो वाद पुढे अनेक वर्षं चिघळत राहिला.

पोलीस दलात कोणाची माणसं किती, हेही लोक मोजतात. एल साल्वादोरमध्ये 1992च्या शांतता करारानंतर नवं नागरी पोलीस दल उभं राहिलं, तेव्हा 20 टक्के जागा माजी बंडखोरांना, 20 टक्के जुन्या पोलिसांना आणि 60 टक्के जागा युद्धात भाग न घेतलेल्यांना, असं ठरलं होतं. उत्तर आयर्लंडमध्ये पोलीस दल मुख्यतः प्रोटेस्टंटांचं होतं; तिथे 2001पासून दहा वर्षं निम्मी भरती कॅथलिक आणि निम्मी इतरांमधून झाली. त्यामुळे सुमारे 8 टक्क्यांवर असलेलं कॅथलिकांचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास गेलं. तुमच्या हातात भरतीचं धोरण नसेल, पण एका चौकीवर कोण बसणार हे बहुतेक वेळा असतं. तिथे वस्तीची भाषा बोलणारे किमान दोघे आणि किमान एक महिला पोलीस हवीच. 2007 साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून लायबेरियात गेलेल्या भारतीय महिला पोलिसांच्या तुकडीचं उदाहरण आजही याच कारणासाठी दिलं जातं: स्त्रिया गणवेशातल्या स्त्रीशी बोलायला पुढे येतात.

जागा लहान निवडा

पहिल्या वर्षी अख्खा जिल्हा हाती घेऊ नका. एक चौकी आणि हजार-दीड हजार घरं पुरेत. दोन्ही बाजूंचे लोक जिथे वावरतात असा भाग निवडा, म्हणजे बाजार, पाणवठा, शाळेचा रस्ता. एकाच गटाची वस्ती निवडली, तर योजना 'त्यांची' ठरते आणि पलीकडचे लोक दुसरं काहीतरी उभं करतात. ते बहुधा सशस्त्र असतं.

मग ऐकण्याची फेरी घ्या. स्त्रिया, तरुण, परत आलेले विस्थापित, शस्त्रं खाली ठेवलेले माजी लढवय्ये आणि दुकानदार यांचे वेगवेगळे गट करा, प्रत्येकी सहा ते आठ जण, दीड तास. पहिल्या फेरीत गणवेश नको. जमिनीवर खडूने वस्तीचा नकाशा काढून 'अंधार पडल्यावर कुठे जात नाही?' एवढंच विचारा. 'गुन्हेगार कोण?' हा प्रश्न विचारू नका. नावं मागितली की सभा तिथेच संपते. नाव सांगणाऱ्याला त्याच रात्री धोका असतो. सगळ्यांना एकत्र बसवलं, तर फक्त म्हातारे पुरुष बोलतात, आणि तुम्हाला वाटतं की वस्तीचं मत कळलं.

समिती

वस्तीच्या अडचणी पोलिसांपुढे मांडून त्यांचा पाठपुरावा करायला 11 ते 15 जणांची समिती करा. किमान एक तृतीयांश स्त्रिया, दोन तरुण, परत आलेल्यांपैकी एक, विरुद्ध गटांचे लोक संख्येने जवळपास सारखे. पक्षाचा पदाधिकारी, चालू सशस्त्र गटाशी नातं असलेला माणूस आणि पूर्वीचा कमांडर यांना पद देऊ नका. कमांडरला बाहेर ठेवणं अवघड असतं, कारण त्याच्या शब्दाला वजन असतं. त्याला वेगळा भेटा आणि कामाची माहिती द्या, पण खुर्ची देऊ नका. मुदत एक वर्ष, अध्यक्षपद आळीपाळीने दर चार महिन्यांनी.

समितीला काय करता येणार नाही, हे कागदावर ठळक लिहा: अडवणं, झडती, अटक, दंड, चौकशी, शस्त्र बाळगणं आणि संशयितांच्या याद्या करणं. ही ओळ पुसट झाली की घसरण वेगाने होते. अफगाणिस्तानात 2010मध्ये गावरक्षणासाठी स्थानिक पोलीस दल उभारलं, त्याला शस्त्रं दिली. अनेक ठिकाणी ते स्थानिक बलदंडांच्या हातात गेलं, लुटीच्या आणि मारहाणीच्या तक्रारी आल्या आणि 2020मध्ये ते बंद करावं लागलं. दुसरी घसरण पोलिसांकडून होते. गुप्त वार्ता विभागाचा माणूस समितीत येऊन बसू लागला की सदस्य खबरे ठरतात, आणि खबऱ्याचं काय होतं हे अशा वस्तीत कोणाला सांगावं लागत नाही. गुप्त माहितीचं काम वेगळ्या लोकांनी, वेगळ्या वाटेने करावं. समितीच्या सभेला त्यांना येऊ देऊ नये.

सदस्यांना मानधन देऊ नका. फोनचा आणि प्रवासाचा खर्च द्या. पगार सुरू केला की पदासाठी भांडणं होतात, आणि निधी आटला की समितीही आटते.

तक्रारवही

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या. एक जाड बांधणीची वही, पानांना क्रमांक घातलेले, आणि सहा रकाने: क्रमांक, तारीख, ठिकाण, अडचण, जबाबदार व्यक्ती, उत्तराची तारीख आणि काय झालं (हे दोन एकाच रकान्यात, एकाखाली एक). तक्रारदाराचं नाव लिहायचं नाही. त्याला क्रमांकाची चिठ्ठी द्यायची. वही चोरीला गेली किंवा कोणी हिसकावली, तरी कोणाचा जीव धोक्यात येता कामा नये.

नोंद अशी दिसावी: 'पाण्याच्या टाकीमागचा दिवा बंद. सातनंतर मुली त्या वाटेने जात नाहीत. जबाबदार: चौकीचे अधिकारी, वीज खात्याकडे पाठपुरावा. उत्तर: 14 दिवसांत.' चौदाव्या दिवशी दिवा लागला नसेल, तरी उत्तर द्यायचंच: 'तार तुटली आहे, खांब बदलायला वेळ लागेल, तोवर सात ते नऊ तिथे गस्त.' लोक उशीर समजून घेतात. गप्प बसणं त्यांना जुन्या दिवसांची आठवण करून देतं.

एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त प्रश्न हाती घेऊ नका. पहिले दोन असे निवडा की महिनाभरात सुटतील.

पोलिसांविरुद्धची तक्रार या वहीत नको. तिच्यासाठी चौकीबाहेरची वाट हवी: कुलूपबंद पेटी, जिची किल्ली पोलिसांकडे नाही, किंवा स्वतंत्र तक्रार कार्यालयाचा फोन. लैंगिक अत्याचाराची तक्रार तर समितीपुढे येताच कामा नये. ऐकणाऱ्या सदस्याने कोणालाही न सांगता, पीडितेच्या संमतीने तिला थेट दवाखान्यात न्यावं. एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, त्यामुळे आधी दवाखाना. पोलिसांत जायचं की नाही, हा निर्णय तिचा. ही वाट पहिल्या आठवड्यातच सगळ्या सदस्यांना पाठ करून घ्या.

गस्त

गाडीतून नको, पायी. दोघा-दोघांची जोडी, लांब बंदुका नाहीत, रोज वेळ बदलून पण चेहरे तेच. निदान दीड-दोन वर्षं बदली होऊ देऊ नका. हे वरिष्ठांकडून आधीच लेखी घ्या. रोज तीन दुकानांत आणि दोन घरांत थांबायचं, चौकशी न करता बोलायचं, आणि वहीतल्या कोणत्या क्रमांकाचं काय झालं ते सांगायचं.

नागरिक स्वयंसेवक ठेवायचे असतील, तर त्यांच्याकडे चमकणारं जाकीट, बॅटरी, शिट्टी आणि फोन. काठीसुद्धा नको, कारण काठी आज गस्तीला असते आणि उद्या मारहाणीत. काम एकच: पाहा, दूर राहा, कळवा.

बेवारस स्फोटकं आणि शस्त्रं सापडतातच. हात लावायचा नाही, हलवायचं नाही, आलेल्याच पाऊलवाटेने मागे फिरायचं, लांब गेल्यावरच फोन वा वॉकीटॉकी वापरायचा, आणि सुरक्षित अंतरावर खूण करून लोकांना अडवायचं. हत्यारं गोळा करणं हे समितीचं काम कधीच नाही.

अफवा आणि जमीन

संघर्ष पुन्हा पेट घेतो तो बहुतेक या दोन ठिकाणांहून. अफवेसाठी दोन्ही गटांतले मिळून सहा जण ठरवा. बातमी आली की त्यांनी एकमेकांना फोन करायचा, दोघांनी (प्रत्येक गटातून एक) जागेवर जाऊन पाहायचं आणि अर्ध्या तासात दोन्ही बाजूंना तोच मजकूर पाठवायचा. मजकूर छोटा ठेवा, त्यात कोणाच्या जमातीचं वा धर्माचं नाव नको. पोलिसांनी एकट्याने केलेला खुलासा सुरुवातीच्या वर्षात कोणी मानत नाही.

जमिनीचा वाद, विशेषतः विस्थापित परत आल्यावरचा, पोलिसांनी सोडवू नये. ताबा कोणाचा हे चौकीत ठरलं की हरलेल्या बाजूला पोलीस पुन्हा शत्रू वाटतात. मारहाण थांबवायची, कागद महसूल यंत्रणेकडे वा न्यायालयाकडे पाठवायचे, आणि पाठवल्याची नोंद वहीत करायची.

चाललंय की नाही, कसं कळेल

नोंदलेले गुन्हे पहिल्या वर्षात वाढतील, कारण लोक तक्रार करायला पुढे येऊ लागतात. वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आकडा पाहून कोणीतरी योजना गुंडाळेल, किंवा चौकीवाले तक्रारी घ्यायचंच थांबवतील. त्याऐवजी दर महिन्याला हे मोजा: वेळेत उत्तर मिळालेल्या तक्रारी शेकडा किती, दुकानं किती वाजता बंद होतात, बाजारात अंधार पडल्यावर स्त्रिया किती दिसतात, मुलं एकटी शाळेत जातात का. वहीतल्या ठिकाणांवरून तक्रारी एकाच गटाच्या गल्ल्यांतून जास्त येताना दिसल्या, तर दुसऱ्या गटाच्या गल्लीत पुन्हा ऐकण्याची फेरी घ्या.

अधिकारी बदलताना नव्या-जुन्याने किमान दोन आठवडे एकत्र गस्त घालावी, आणि वही सभेत सगळ्यांसमोर हातात द्यावी. उघड्या राहिलेल्या प्रत्येक क्रमांकापुढे नव्याची सही घ्यावी.