बूलियन एक्सप्रेशन सोपं करताना: आधी रूप, मग नियम

कंपायलरमध्ये बूलियन एक्सप्रेशन (खरं-खोटं एवढंच उत्तर देणारं सूत्र) सोपं करणारा पास, म्हणजे कोडवरून फिरून बदल करणारा टप्पा, लिहायला घेतला की बहुतेक जण आधी वहीत बूलियन बीजगणिताचे नियम उतरवतात आणि एकेक करून कोडमध्ये आणतात. मीही तेच केलं होतं. एका रूल इंजिनसाठी छोटा कंपायलर लिहीत होते. तिसऱ्या दिवशी चाळीसेक नियम झाले, चौथ्या दिवशी बिल्ड अडकला. लॉग चालू केला तर स्क्रीनवर नुसतं ७, १९, ७, १९. नियम ७ डी मॉर्गनचा नियम (`!(अ & ब)` म्हणजे `!अ | !ब`; `!` म्हणजे नाही, `&` म्हणजे अँड, `|` म्हणजे ऑर) वापरून `!` कंसाच्या आत ढकलत होता आणि १९ तोच बाहेर ओढत होता. वेगवेगळे तपासले तर दोन्ही नियम बिनचूक!

म्हणून नियम नंतर. आधी एक्सप्रेशनचं एकच ठरलेलं रूप पक्कं करा. माझ्या पासमध्ये ते असं आहे: तुलनेत कॉन्स्टंट कायम उजवीकडे. पूर्णांकांच्या तुलनेवर `!` आला तर `!` काढून तुलनाच उलटवायची, म्हणजे `!(क्ष < ५)` चं `क्ष >= ५`. `अ & (ब & क)` सारखे थर उलगडून एकच यादी करायची आणि तिच्यातले ऑपरंड (क्रियेत भाग घेणारे घटक) नोडच्या क्रमांकाप्रमाणे लावायचे; नोड म्हणजे कंपायलरच्या आतला एक्सप्रेशनचा एकेक तुकडा. एवढं झालं की `ब & अ` आणि `अ & ब` हे एकच नोड होतात आणि `अ & अ` यादीत शेजारी शेजारी येतं. वहीतले निम्मे नियम मला इथेच खोडता आले.

उरलेल्या प्रत्येक नियमाला एक प्रश्न विचारा: यामुळे नोड कमी होतात का? होत नसतील, तर एक्सप्रेशन निदान ठरलेल्या रूपाकडे तरी सरकतं का? दोन्ही उत्तरं ‘नाही’ असतील तर तो नियम कितीही देखणा असो, घेऊ नका. ७-१९ ची झटापट याच प्रश्नाने मिटली, १९ गेला.

नियम खरा आहे की नाही हे तपासायला कागदावर ट्रुथ टेबल (खऱ्या-खोट्याच्या प्रत्येक मेळाला उत्तर काय, याचा तक्ता) मांडत बसू नका. तीन व्हेरिएबल्सचं अख्खं टेबल आठ बिटांत मावतं, प्रत्येक उभ्या रांगेत एक मेळ:

अ = ११११००००
ब = ११००११००
क = १०१०१०१०

आता एक्सप्रेशन थेट या आकड्यांवर चालवा. समजा `(अ & ब) | (!अ & क) | (ब & क)` आहे. `अ & ब` म्हणजे ११००००००, `!अ & क` म्हणजे ००००१०१०, दोघांचा ऑर ११००१०१०. त्यात `ब & क` चे १०००१००० मिसळले तरी उत्तर ११००१०१० च राहतं. म्हणजे तिसरा तुकडा फुकटचा, काढून टाका. नजरेने हे मला कधीच दिसलं नसतं. सहा व्हेरिएबल्सपर्यंत हे टेबल ६४ बिटांच्या एका पूर्णांकात बसतं, त्यामुळे दोन एक्सप्रेशन सारखी आहेत का, हे एका `==` मध्ये कळतं. त्यापुढे मी जात नाही. सर्वांत लहान रूप शोधायचा हट्ट सर्किट डिझाइनवाल्यांना परवडतो. कंपायलरसमोर माणूस ताटकळत बसलेला असतो.

नोड मोजताना एक गोष्ट हमखास निसटते. `(अ & ब) | (अ & क)` चं `अ & (ब | क)` केलं की तीन क्रिया दोनवर येतात. पण `अ & ब` आणि `अ & क` दोन्ही पुढे आणखी कुठे वापरलेले असतील तर ते जागेवरच राहतात आणि तीनाच्या चार होतात. नोडचा वापर एकाच ठिकाणी आहे ना, हे बघूनच हा नियम लावा.

आता खरा धोका. वर मी सगळीकडे `&` लिहिलंय, `&&` नाही, ते मुद्दाम. `&` दोन्ही बाजू बघतो; `&&` डावी बाजू खोटी निघाली की उजवी बघतच नाही, यालाच शॉर्ट सर्किट म्हणतात. `यादी != नल && यादी.लांबी > ०` यात उजवी बाजू डावीच्या भरवशावर उभी असते. बाजू अदलाबदल केल्या की प्रोग्राम कोसळला. `&&` चं `&` करायचं तर उजवी बाजू साइड इफेक्ट (बाहेर काही बदल) नसलेली, कधीच ट्रॅप न होणारी (चालताना प्रोग्राम न पाडणारी) आणि स्वस्त हवी. एलएलव्हीएम या कंपायलर बांधायच्या संचात एवढंही पुरत नाही. तिथे पॉयझन नावाची किंमत असते, म्हणजे ‘हे उत्तर बिघडलेलं आहे’ अशी खूण: साइन्ड (ऋण आकडेही धरणारी) बेरीज ओव्हरफ्लो झाली, म्हणजे बिटांत मावली नाही, तर ती येऊ शकते. `फॉल्स && पॉयझन` फॉल्सच राहतं, कारण उजवीकडे बघितलंच जात नाही. `फॉल्स & पॉयझन` मात्र पॉयझन होतं. म्हणून तिथे शॉर्ट सर्किटचा अँड `सिलेक्ट` (अट बघून दोनपैकी एक किंमत निवडणारी सूचना) म्हणून ठेवतात, आणि `&` करायचाच असेल तर उजव्या बाजूवर आधी `फ्रीझ` (पॉयझनच्या जागी कुठलीतरी एक साधी किंमत पक्की करणारी सूचना) लावतात.

फ्लोटिंग पॉइंटला (दशांश आकड्यांना) तर वरचा तुलना उलटवायचा नियमही लावू नका. `क्ष` नॅन (‘आकडाच नाही’ अशी किंमत) असेल तर `क्ष < ५` खोटं आणि `क्ष >= ५` सुद्धा खोटं, त्यामुळे `!(क्ष < ५)` खरं असतं पण `क्ष >= ५` नसतं.

खरी कमाई मात्र शुद्ध बूलियनमध्ये नसते, तुलनांच्या जोड्यांत असते. `क्ष >= ० && क्ष < १०` ही अनसाइन्ड (ऋण आकडे न धरणारी) `क्ष < १०` अशी एकच तुलना होते, कारण ऋण आकडे अनसाइन्डमध्ये प्रचंड मोठे दिसतात. `क्ष == ४ || क्ष == ५` चं `(क्ष | १) == ५` होतं, कारण ४ आणि ५ मध्ये फक्त शेवटच्या बिटाचा फरक आहे.

हा शेवटचा नियम मी पहिल्यांदा लिहिला तेव्हा ‘दोन कॉन्स्टंटमध्ये १ चा फरक’ अशी अट घातली होती. पाच-सहा उदाहरणं बघितली, सगळी बरोबर आली. मग चार बिटांच्या पूर्णांकांवर सगळ्या कॉन्स्टंट जोड्या आणि `क्ष` च्या सोळाही किमती फिरवणारी टेस्ट लावली, तर `क्ष == ५ || क्ष == ६` वर ती लगेच पडली: नवं एक्सप्रेशन `(क्ष | १) == ७` झालं होतं. ते ५ ला नाही म्हणत होतं आणि ७ ला हो. ५ म्हणजे ०१०१ आणि ६ म्हणजे ०११०, फरक १ चा पण बदललेले बिट दोन. आता अट अशी आहे: दोन्ही कॉन्स्टंटचा एक्सऑर (बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०) घ्यायचा आणि त्यात नेमका एकच बिट १ असला पाहिजे. ५ आणि ६ ची जोडी दुसऱ्या नियमाकडे जाते, अनसाइन्ड `(क्ष - ५) < २`.