मलाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर घरी काय सांभाळाल

आतड्याची दोन टोकं जिथे शिवलेली असतात, तो जोड गळणं ही या ऑपरेशननंतरची सगळ्यात घातक गोष्ट. साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी ती कळते, पण घरी आल्यावरही होऊ शकते. ताप येईल तेव्हा पाहू, असं म्हणून बसू नका. पुष्कळदा आधी नाडी वाढते. पहिले तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ, दहा मिनिटं शांत पडून राहिल्यावर नाडी आणि ताप मोजून वहीत लिहा. नाडी १०० च्या वरच राहिली, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या पुढे गेला, पोट फुगलं, ओटीपोटातलं दुखणं वाढत चाललं किंवा शौचावाटे पू आला, तर रात्र असली तरी सर्जनला फोन करा. आणि एनिमा किंवा सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची औषधाची वडी) मनाने घेऊ नका, ताज्या जोडाला इजा होते.

जोडाला आराम म्हणून लहान आतड्याचा स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, त्यावर शौच जमा करणारी बॅग लावतात) काढला असेल, तर खरा धोका शरीर कोरडं पडण्याचा. पाणी आणि मीठ शोषणारं मोठं आतडं वाटेतून वगळलेलं असतं. इथे बहुतेकांची एक चूक होते: बॅग भराभर भरतेय म्हणून भरपूर साधं पाणी प्यायचं. त्या पाण्यात मीठ नसतं, म्हणून लहान आतडं स्वतःचं मीठ त्यात सोडतं, मिठामागोमाग पाणीही जातं आणि बॅग आणखी भरते. बॅग रिकामी करताना खुणा असलेल्या मगात ओता आणि दिवसाची बेरीज ठेवा. बेरीज दीड लिटरच्या वर गेली, लघवी कमी आणि गडद झाली, उठताना चक्कर आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू ठेवायच्या का, तेही विचारा. तोवर लिटरभराचं ओआरएसचं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात मिसळून घोट घोट घ्या. लोपरामाइड (जुलाब रोखणारी गोळी) डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच, जेवणाआधी अर्धा तास.

उलट, बॅग कित्येक तास कोरडी, पोटात कळा आणि उलट्या, म्हणजे आतडं अडलंय. काही न खाता थेट हॉस्पिटल गाठा. स्टोमा लाल आणि ओलसर हवा. जांभळा-काळा पडला तरीही थेट हॉस्पिटल गाठा.

स्टोमाभोवतीची त्वचा सोलवटण्याचं कारण बहुधा बेसप्लेटचं (बॅगेच्या त्वचेला चिकटणाऱ्या चकतीचं) मोठं कापलेलं भोक. स्टोमाभोवती २ ते ३ मिलिमीटरच मोकळं ठेवा. पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, त्यामुळे जुनं माप वापरू नका, दर वेळी नव्याने मोजा. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करा, वजनाने ती उचकटते.

रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन बऱ्याचदा २८ दिवसांचं असतं; बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडू नका. एकाच पोटरीला सूज किंवा अचानक धाप लागली तर तातडीने जा.

स्टोमा बंद केल्यावर तासाभरात चार-पाचदा शौचाला जावं लागणं, घाई होणं, कपड्यात गळणं हे पुष्कळांना होतं. शौच साठवणारी पिशवीच, म्हणजे मलाशय, काढलेली असते, दुसरं काय होणार! ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, विरघळणारा चोथा (फायबर) आणि गोळ्या यांनी वर्ष-दोन वर्षांत बऱ्याच अंशी बसतं. तरीही नाही बसलं तर गुदद्वारातून पाणी सोडून आतडं धुण्याची पद्धत नर्सकडून शिकून घ्या. लघवी तुंबणं किंवा लैंगिक अडचण मज्जातंतूंना धक्का लागल्यामुळे येते. संकोच न करता सांगा, त्यावर उपचार आहेत.