साथीच्या काळात विमानप्रवासाचं मेडिकल क्लिअरन्स : या चुका टाळा

कोविडची सगळी वर्षं मी लोकांची प्रवासाची कागदपत्रं तपासून देत होते आणि एक गोष्ट अगदी ठामपणे सांगते, आजारामुळे जेवढे लोक एअरपोर्टच्या चेक-इन काउंटरवरून परत फिरले त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त कागदामुळे फिरले. आणि चुका दरवेळी त्याच त्या. पुढची साथ कधी येईल कुणाला माहीत, पण आली की लोक पुन्हा नेमकं हेच करणार, म्हणून लिहून ठेवतेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तास कुठून मोजायचे हेच न बघणं. विमानाच्या वेळेआधी ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर (नाका-घशाच्या स्वॅबमधून विषाणू शोधणारी टेस्ट) रिपोर्ट हवा म्हटलं की लोक रिपोर्ट हातात आल्यापासून मोजायला लागतात. नाही हो! घड्याळ सुरू होतं स्वॅब घेतला त्या मिनिटाला. माझ्याकडे एक काकू आल्या होत्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. सोमवारी सकाळी दहाला स्वॅब दिला, मंगळवारी संध्याकाळी रिपोर्ट आला, विमान गुरुवारी रात्री अकराचं. घरच्यांनी मंगळवारपासून हिशोब केला, म्हणजे भरपूर वेळ आहे असं वाटलं, आणि मला कागद दाखवायचे ते थेट एअरपोर्टवरून फोन करून दाखवले. काउंटरवरच्या मुलीने रिपोर्टवरच्या सॅम्पल कलेक्शनच्या ओळीवर बोट ठेवलं, विमान सुटेपर्यंत ८५ तास होत होते, विषय संपला. काकू बॅगा घेऊन तिथेच रडत उभ्या, मुलगा त्या मुलीशी भांडतोय, पण तिच्या हातात काहीच नव्हतं, नियम तिकडच्या देशाचा होता. पुन्हा टेस्ट, पुन्हा तिकीट, आणि काकू पोचायच्या आधीच नात जन्माला आली. त्या फोनवरचा काकूंचा आवाज माझ्या अजून कानात आहे.

त्यात प्रत्येक देशाचं मोजमाप वेगळं. अमेरिकेने २६ जानेवारी २०२१ पासून तीन दिवसांच्या आतली टेस्ट मागितली, पण तिथे तास नाही तर कॅलेंडरचे दिवस मोजायचे होते, मग ६ डिसेंबर २०२१ पासून तो नियम एका दिवसावर आला. आणि कनेक्टिंग फ्लाइट असेल तर अजून गोंधळ, कुठे पहिल्या विमानाच्या वेळेपासून मागे मोजायचं, कॅनडासारख्या ठिकाणी तिथे थेट जाणाऱ्या शेवटच्या विमानाच्या वेळेपासून. माझी सवय सांगते, कागदावर मागून पुढे लिहायचं, आधी विमानाची वेळ, मग स्वॅबची शेवटची चालणारी वेळ, आणि विमान लेट होईल असं धरून मध्ये अर्धा दिवस सोडायचा. ज्या लॅबचा रिपोर्ट कधी येतो ते पक्कं सांगत नाहीत तिथे जायचंच नाही.

दुसरी चूक, तीन वेगवेगळे कागद एकच समजणं. निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे त्या वेळी विषाणू सापडला नाही, एवढंच. फिट टू फ्लाय म्हणजे डॉक्टरांनी तपासून दिलेलं पत्र की हा माणूस प्रवास करू शकतो. आणि मेडिफ हा एअरलाइनचा फॉर्म, थोडा भाग प्रवाशाने आणि थोडा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरायचा, आणि निर्णय एअरलाइनचा मेडिकल विभाग घेतो, आपले डॉक्टर नाही. नुकतेच हॉस्पिटलमधून घरी आलेल्यांना, ऑक्सिजन लागणाऱ्यांना, स्ट्रेचरवाल्यांना हा लागतोच. लोक म्हणतात रिपोर्ट निगेटिव्ह आहे मग अजून काय पाहिजे. अहो, विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा असतो, कोविडने फुप्फुसं थकलेल्या माणसाचा ऑक्सिजन घरी बसून ठीक दिसतो आणि वर गेल्यावर खाली येतो. नियम उगीच नाहीत. स्वतःचा सिलिंडर बहुतेक एअरलाइन चढवूच देत नाहीत, पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर (हवेतूनच ऑक्सिजन काढून देणारं छोटं मशीन) चालतो पण आधी मंजुरी घ्यावी लागते आणि बॅटरी बहुधा प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल एवढी लागते. हे सगळं आदल्या रात्री फोन करून होत नाही. तिकीट काढलं त्याच दिवशी एअरलाइनला विचारा. घाई करणाऱ्यांना माझं हे बोलणं आवडत नाही, पण श्वासाच्या बाबतीत घाई नको म्हणजे नको.

आजार बरा झाल्यावरही पीसीआर काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. लोक घाबरून रोज नवीन लॅब गाठतात, कुठेतरी निगेटिव्ह येईल म्हणून. त्यापेक्षा त्या देशात बरं झाल्याचा दाखला चालतो का ते बघा, अमेरिकेत ९० दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्र चालायचं. सगळीकडे नाही चालत, मग तारीख पुढे ढकला.

नाव पासपोर्टवर आहे तसंच, पासपोर्ट नंबर रिपोर्टवर हवाच, लॅबमधून निघायच्या आधी वाचून घ्या.

अँटिजेन टेस्ट, म्हणजे झटपट निकाल देणारी, चालते असं नियमात स्पष्ट लिहिलेलं असेल तरच करा.

स्वॅब न देता रिपोर्ट आणून देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादाला लागू नका. क्यूआर कोड स्कॅन केला की खोटं पकडलं जातं, गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि शेजारच्या सीटवर कुणाचे तरी आजारी वडील बसलेले असतात. मी असे कागद हातात घेत नाही.

ट्रान्झिटच्या देशाचा नियम वेगळा असतो, विमानातून न उतरता थांबायचं असलं तरी बघा. आणि फॉरवर्ड आलेल्या मेसेजवर अजिबात जाऊ नका, नियम रातोरात बदलायचे, मी तिकीट काढताना, स्वॅबच्या आदल्या दिवशी आणि घरातून निघताना अशी तीनदा सरकारी आणि एअरलाइनची साइट बघायला लावते. रिपोर्टची प्रिंट हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही.