उन्हाळी शिबिर घ्यायचंय? मग आधी तारखा ठरवा

दर वर्षी फेब्रुवारी संपत आला की कुणीतरी नवीन ताई नाहीतर दादा फोन करतात, "शिबिर घ्यायचं ठरवलंय, मुलांना काय काय शिकवू?" मी उलट विचारते, तारखा कुठल्या? तर तिकडं शांतता. ओरिगामी घ्या नाहीतर मातीकाम, मुलं दोन्हीत रमतात हो. पण तारीख, वेळ, वयोगट आणि जागा या चार गोष्टी चुकल्या की कितीही भारी कार्यक्रम आखा, खुर्च्या रिकाम्या राहतात आणि मग लोक म्हणतात साताऱ्यात प्रतिसादच नाही. प्रतिसाद असतो, पोरगं त्या आठवड्यात मामाकडं गेलेलं असतं एवढंच.

तारखांचं गणित असं. राज्य बोर्डाच्या शाळांच्या परीक्षा एप्रिलात उरकतात, १ मे ला महाराष्ट्र दिनी झेंडावंदन आणि निकाल, आणि मग जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी. सीबीएसईवाल्यांचं नवीन वर्ष मात्र एप्रिललाच सुरू झालेलं असतं, त्यांना सुट्टी नंतर लागते, त्यामुळं एप्रिलच्या शेवटी बॅच लावली तर ती पोरं मिळतच नाहीत. माझ्या मते मे चे पहिले दहा-बारा दिवस सगळ्यात चांगले. पंधरा तारखेनंतर अर्धा वर्ग गावाला पळतो. त्यात आपल्याकडं चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा, म्हणजे पालखी, कुस्त्यांचा फड, घरी पाहुणे आणि मटण, असल्या दिवशी पोरगं शिबिराला येईल अशी आशाच करू नका. शहरातली मुलंसुद्धा मूळ गावच्या यात्रेला जातातच, म्हणून तारीख पक्की करायच्या आधी आसपासच्या मोठ्या गावांच्या यात्रा आणि लग्नाच्या दाट तिथ्या कॅलेंडरवर बघून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

वेळ सकाळची. साडेसात ते साडेदहा. दुपारचं ऊन मे मध्ये सोसवत नाही, आणि संध्याकाळी वळीव कधी येईल सांगता येत नाही, आला की विजा, लाईट गेलेली आणि पालक गाड्या घेऊन दारात. नोकरी करणारे आईबाप विचारतात, "एक वाजेपर्यंत नाही का हो ठेवता येणार?" त्यांची अडचण खरी असते, पण एक वाजेपर्यंत ठेवायचं म्हणजे जेवण आलं आणि जेवण आलं की तो वेगळाच व्याप होतो. पहिल्या वर्षी तीन तास पुरे.

वयोगट ठरवताना लोभ नको. पाच वर्षांचं पोर आणि तेरा वर्षांचा दादा एका हॉलमध्ये बसवले की छोटं रडतं आणि मोठा कंटाळून फोन मागतो. सात ते दहा असा एकच गट घ्या, पंचवीस-तीस मुलं, आणि दर आठ-दहा मुलांमागं एक मोठं माणूस. कॉलेजची मुलं-मुली मदतीला येतात, पण त्यांना मानधन द्या, नुसत्या सर्टिफिकेटवर दहा दिवस कुणी टिकत नाही आणि का टिकावं.

जागेबद्दल जास्त बोलते कारण नवीन लोक इथंच घाई करतात. मंगल कार्यालय मे मध्ये विसरा, लग्नसराईत परवडत नाही. शाळेचा हॉल, देवळाचा सभामंडप, सोसायटीचं क्लबहाऊस यातलं बघा. बघायला गेलात की आधी संडास बघा. नळाला पाणी येतं का, टाकी मे मध्ये कोरडी पडते का, आतली कडी सात वर्षांच्या मुलीचा हात पुरेल अशी आहे का आणि ती अडकून बसत नाही ना. स्वतः आत जाऊन कडी लावून उघडून बघा. मग पंखे, मग पिण्याचं पाणी, मग गेट, कारण गेट रस्त्यावर उघडत असेल तर सुटायच्या वेळी तिथं एक माणूस कायम उभा हवा. हॉलचं भाडं ठरवताना लाईटबिल आणि झाडलोट त्यात धरलीये का हे लिहून घ्या, तोंडी ठरलेलं शेवटच्या दिवशी बदलतं.

आता कार्यक्रम. दिवसाला तीनच गोष्टी: एक अंग हलवायची, एक हाताची, एक बसून ऐकायची किंवा बोलायची. जाहिरातीत लोक वीस-वीस ॲक्टिव्हिटी लिहितात, रोबोटिक्सपासून योगापर्यंत, आणि मग दर चाळीस मिनिटांनी मुलांना एकीकडून उठवून दुसरीकडं बसवतात. एक मातीचा दिवा नीट वळायला लहान मुलाला तासभर लागतो, आणि तो तास दिला तर घरी जाऊन ते पोर आठवडाभर तेच सांगतं. भेळ करायला लावा, कांदा मोठ्यांनी चिरून द्यायचा, कैरी मुलांनी किसायची, तिखट किती यावर भांडण ठरलेलंच. बीजगोळे करा, जूनमध्ये पाऊस पडल्यावर टाकायला घरी द्या.

आपल्या गावात एवढं आहे की बाहेरून काही आणायची गरज नाही. राजवाड्याच्या परिसरात मुलांना चालत फिरवा, प्रतापसिंह हायस्कूल दाखवा, डॉ. आंबेडकरांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला याच शाळेत घातलं होतं, म्हणून तर तो विद्यार्थी दिवस. साताऱ्यातल्याच कितीतरी मुलांना हे माहीत नसतं. अजिंक्यतारा ठेवायचा तर सहाला चढायला सुरुवात, नऊच्या आत खाली. १६७३ ला गड शिवाजी महाराजांकडं आला, १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, एवढं मंगळाईच्या देवळापाशी बसवून सांगितलं तरी बास, लांबलचक भाषण नको. संगम माहुलीची सहल मागतात पालक, मी घेत नाही. तीस पोरं आणि नदीचं पाणी हे माझ्या झोपेला झेपत नाही.

प्रसिद्धीवर सगळ्यात जास्त प्रश्न येतात. माझा एकच सल्ला, पालक फोनवर जे विचारतात तेच पोस्टवर लिहा. "सर्वांगीण व्यक्तिमत्त्व विकास" वाचून कुणी फोन उचलत नाही. फोनवर काय येतं? "किती वाजता सोडणार?" "फी किती आणि दोघा भावंडांना काही कमी होईल का?" "खायला काय देता, आमच्याला शेंगदाणा चालत नाही." "शिकवणार कोण?" "मुली किती आहेत?" या पाच प्रश्नांची उत्तरं पोस्टवर असली की निम्मे फोन वाचतात आणि उरलेले येतात ते नाव नोंदवायलाच. फी लपवू नका, "फी साठी संपर्क करा" लिहिलं की माणसाला वाटतं महाग असणार, आणि तो पुढं सरकतो.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट करताना एक ध्यानात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. म्हणून आधी प्रत्येकाला "माझा नंबर सेव्ह करून ठेवा" म्हणायचं आणि मगच पोस्ट पाठवायची, नाहीतर आपण समजतो दोनशे जणांना गेला आणि पोचलेला असतो चाळिसांना. पेपरात पत्रकं टाकायची तर सगळ्या शहरात नको, जागेपासून दोन-तीन किलोमीटरच्या आतच टाका, रोज सकाळी त्याहून लांबून कुणी पोर आणून सोडत नाही. चौकात फ्लेक्स लावायचा तर नगरपालिकेची परवानगी घ्या. शाळेच्या गेटवर पत्रकं वाटायची तर आधी मुख्याध्यापकांना भेटा. पण या सगळ्याहून जास्त चालतो तो एका रविवारचा फुकट तास, एप्रिलच्या मध्याला. मुलांना एक गोष्ट, एक खेळ, आणि आईबाबा मागं खुर्च्यांवर. मी वागते कशी, ओरडते का, रडणाऱ्या पोराशी काय करते, हे त्यांना डोळ्यानं बघायचं असतं. तिथंच क्यूआर कोड ठेवा.

पैशाचा हिशोब उदाहरणादाखल: तीस मुलं, फी १५०० धरली तर ४५,००० जमतात. त्यातून मदतनीसांचं आणि पाहुण्या शिक्षकांचं मानधन, हॉल, खाऊ, साहित्य, छपाई, औषधाची पेटी वजा करा आणि तीसऐवजी अठराच मुलं आली तर काय, हाही हिशोब त्याच कागदावर मांडा. अठरा मुलांत खिशातून घालावे लागत असतील तर खर्च आत्ताच कापा. अर्ध्यातून पोर काढलं तर पैसे परत मिळतील की नाही तेही फॉर्मवर लिहा, त्यावरून होणारी भांडणं फार कडू असतात. एका ठिकाणी यावरून पालकांनी गेटवर तमाशा केलेला मी बघितलाय, आणि दोन्ही बाजूंना वाटत होतं आपलंच बरोबर.

फॉर्मवर ॲलर्जी, चालू औषध, दोन फोन नंबर आणि न्यायला कोण येणार त्यांचं नाव. नाव नसलेला माणूस आला तर आईला फोन केल्याशिवाय सोडायचं नाही, मग तो सख्खा काका का असेना. काका चिडतो, आई दुसऱ्या दिवशी आभार मानते. मुलाबरोबर बंद खोलीत एकटं कुणीही थांबायचं नाही, हा नियम मदतनीसांना पहिल्याच मीटिंगला सांगा आणि चाईल्ड हेल्पलाईनचा १०९८ भिंतीवर मोठा लिहा, मुलांनाही वाचू दे. फोटो टाकायला परवानगी आहे का, त्यासाठी फॉर्मवर वेगळी रेघ ठेवा.

खाऊ साधा: केळी, राजगिऱ्याचा लाडू, पन्हं, एखाद दिवशी मटकीची उसळ. ओआरएसची पाकिटं पेटीत हवीतच, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घालायची, अंदाजानं नाही.

शेवटच्या दिवशी पालकांसाठी अर्ध्या तासाचं काहीतरी ठेवा, नाच बसवत बसू नका, मुलांनी केलेल्या वस्तू मांडा आणि ज्याची त्याला समजावून सांगू दे. त्याच दिवशी मदतनीसांचं मानधन हातात द्या, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. आणि दारात वही ठेवा, पुढच्या वर्षी कळवा म्हणणारे आपणहून नंबर लिहून जातात, फेब्रुवारीत पहिले फोन त्यांनाच करायचे.